दोनशे बाराव्या बरणीपर्यंत

पार्बताबाई,

परवा तुमच्यासाठी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. साहेबांच्या घड्याळात ती पाऊण मिनिटात संपली, कारण पुढे भाषण होतं. टेबलावर तुमचा फोटो नव्हता. तो कधी कोणी काढलाच नाही. त्याच्या जागी धानाची एक लोंबी ठेवली होती. बियाण्यासाठी राखलेल्या पेंढीतली लोंबी शोभेसाठी तोडलेली पाहून तुम्ही काय म्हणाला असता, ते मी इथे लिहीत नाही. साहेब म्हणाले, "पार्बताबाई आज आपल्यात नाहीत, पण त्या आपल्या प्रत्येकाच्या हृदयात आहेत." मी दाराजवळ उभा होतो. तेवढ्यात मला तुमचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला: "कोनाच्या? दाखवा."

मी हसलो. शोकसभेत हसलेला कारकून अशी माझी आता तालुक्यात ओळख झाली आहे. असू दे.

याच साहेबांनी कार्तिकात तुम्हाला "उद्यापासून येऊ नको" म्हटलं होतं. ते वाक्य भाषणात आलं नाही. भाषण मोठं सुबक होतं. सुबक भाषणात अशी वाक्यं बसत नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हाला आकड्यांपलीकडे वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण मी वाचून दाखवलेलं तुम्ही सूप हलवता हलवता ऐकत होतात आणि मधेच "हे खोटं हाय" म्हणत होतात. आताही तसंच समजून लिहितो.

आपलं भांडार म्हणजे कौलांची एक लांब खोली, तीन भिंतींना सागवानी फळ्या आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या. जिल्ह्याच्या गावागावांतून धानाचे वाण गोळा करायचे, प्रत्येक वाणाला एक बरणी आणि एक क्रमांक द्यायचा. ज्याला क्रमांक, त्याची दर हंगामात मागच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, एक ओळ पेरायची, म्हणजे बी जिवंत राहतं. क्रमांक नाही तर ओळ नाही. जागा थोडी, म्हणून वरचा हुकूम होता की एक वाण दोनदा घ्यायचा नाही. कोणी मूठभर धान घेऊन आला की पहिला प्रश्न एकच: हा आपल्याकडे आहे का? माझी सगळी नोकरी या एका प्रश्नात मावत होती. पहिल्या दिवशी फळ्या रिकाम्या होत्या. कोणी काहीही आणलं तरी न बघता "नाही" म्हणता येत होतं आणि ते खरंही असायचं. माझ्या नोकरीतला तेवढाच एक बिनचूक दिवस.

तुम्ही आलात तेव्हा चाळीसेक बरण्या भरल्या होत्या. तुमचं काम निवडण्या-पाखडण्याचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ब्रह्मपुरीकडचा एक माणूस फडक्यात धान बांधून घेऊन आला. त्याने सांगितलेलं नाव मी रजिस्टरात पाहिलं, सापडलं नाही, आणि नवी बरणी काढायला उठलो. कोपऱ्यातून तुम्ही विचारलंत, "बाबू, कुठवर पाह्यलं?"

"सगळं रजिस्टर पाहिलं."

"रजिस्टरात धान हाय का?"

"नावं आहेत."

"नावाले काय चावून पाहाचं हाय?"

तुम्ही उठलात. चिमूटभर दाणे तळहातावर घेतलेत, दोन नखांनी सोललेत, एक दाताखाली धरलात. मग पहिल्या बरणीपासून सुरुवात केलीत. बरणी उघडायची, दाणा काढायचा, शेजारी ठेवायचा, बघायचा, परत टाकायचा, झाकण लावायचं. एकोणिसाव्या बरणीशी थांबलात आणि ती माझ्या टेबलावर आणून ठेवलीत. तोच धान होता. त्या गावी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारतात, एवढंच.

"पुढच्या नाही बघणार?" मी विचारलं.

"काऊन? सापडला ना. हाय म्हनाले एक बरणी पुरते. नाई म्हनाले साऱ्याच्या साऱ्या उघडा लागते."

मी नागपूरहून दोन ट्रंका भरून पुस्तकं आणली होती, त्यांत तर्कशास्त्राचीही होती. इतक्या थोड्या शब्दांत हे मला त्यांत कुठे भेटलं नव्हतं. अर्थात दोन्ही ट्रंका शेवटच्या पानापर्यंत वाचल्या आहेत, असं मी शपथेवर सांगणार नाही. तुमच्यासमोर तर नाहीच.

पुढे हा आपला रोजचा खेळ झाला. मी "नाही" म्हटलं की तुम्ही "कुठवर?" विचारणार. मी "आहे" म्हटलं की "कोन्ती बरणी?" पोस्टमन सांगे की पत्र नाही, तर तुम्ही त्याच्या थैलीकडे बोट दाखवत होतात. बिचारा तुमच्या भीतीने आमच्या दारात थैली रिकामी करून परत भरू लागला. मला वाटायचं, हा स्वभाव आहे. काही बायकांना भांडी वाजवल्याशिवाय स्वयंपाक करता येत नाही, तसं.

एका दुपारी, निवडता निवडता, तुम्ही नवऱ्याची गोष्ट सांगितलीत. मी विचारलं नव्हतं. तो अहेरीकडे लाकडाच्या डेपोत कामाला गेला आणि दोन महिने निरोप आला नाही, म्हणून तुम्ही पायी तिकडे गेलात. मुन्शीने हजेरीची वही उघडली, वरची काही नावं वाचली आणि म्हणाला, इथे नाही. तुम्ही परत आलात. तो तिथेच होता, मागच्या खोपटात तापाने पडून. त्याचं नाव तिसऱ्या पानावर होतं. हे तुम्हाला तो गेल्यावर कळलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून मुन्शीला शिवी दिली. तुम्ही म्हणालात, "तो बेकार मानूस नव्हता बाबू. त्याले जेवाले जाचं होतं." आणि सूप पुन्हा हलू लागलं.

त्यानंतर मी तुम्हाला "पुरे झालं आता, नाहीये" असं कधी म्हटलं नाही. एक अपवाद सोडून. त्याकडे येतोच.

आधी आपल्या वादाचं. तो मिटला नाही आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. हे काही वाद जिंकणं नव्हे. बरण्या दीडशेच्या वर गेल्या तेव्हा मी दोन सुट्ट्या मोडून त्यांची मांडणी बदलली. हलका, म्हणजे लवकर निघणारा, धान एका भिंतीला; भारी, म्हणजे उशिरा निघणारा, दुसऱ्या. त्यातही बारीक वरच्या फळ्यांवर, ठोकळ खालच्या. आता हलका बारीक धान आला तर तेवढ्याच फळ्या बघायच्या. तिथे नसला तर कुठेच नाही. दीडशेचं काम पस्तीस-चाळीसांत. मी फार खूश होतो.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "अन् कोनी चुकीच्या फळीवर ठेवली तं?"

"कोण ठेवणार? ठेवतो मीच."

"तेच म्हनून राह्यली मी."

दिवाळीच्या झाडझुडीत बरण्या खाली काढून परत लावल्या, मी, माझ्याच हातांनी. पुढे एक नमुना आला. मी त्याची फळी पाहिली, तिथे नाही, म्हणून नवा क्रमांक दिला. दोन महिन्यांनी तुम्ही तोच धान भारी धानाच्या भिंतीवरून उचलून आणलात. दोन्ही बरण्या माझ्या उघड्या रजिस्टरावर शेजारी शेजारी ठेवल्यात आणि जेवायला गेलात. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम सावकाश जेवलात, हे मला माहीत आहे.

माझं म्हणणं अजून तेच आहे. मांडणी नेमाने पाळली तर शोध सोपा होतो. तुमचं उत्तर होतं, "पाळली तं." त्यावर आपण कधीच पुढे सरकलो नाही.

मग राज्य बदललं. नागपूरची राजधानी गेली, कागदांवरचे शिक्के बदलले, आणि नवे साहेब आले. त्यांना बरण्यांपेक्षा पाट्यांची आवड होती. पहिल्याच आठवड्यात दारावर पाटी आली, 'जिल्ह्यातील समस्त धान-वाणांचा संपूर्ण संग्रह'. तुम्ही मला ती वाचायला लावलीत. 'संपूर्ण' म्हणजे काय ते विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "जिल्हा कुठवर पाह्यला म्हने साहेबानं?"

कार्तिकात मुंबईचे मोठे साहेब भांडार बघायला आले. आंब्याच्या पानांचं तोरण, खुर्च्या, हार, चहा. आपले साहेब बोलायला उभे राहिले, "या जिल्ह्यातला असा एकही धान नाही, जो या खोलीत नाही." नेमका त्याच वेळी लालसू दारात उभा होता. सूरजागडाच्या डोंगराकडून तो तीन दिवस चालत आला होता. हातात पळसाच्या पानांची पुडी, सालीच्या दोरीने बांधलेली. त्याला मराठी बेताची, तुम्हाला गोंडी बेताची. पण तुम्हा दोघांचं जे बोलणं झालं त्यात काही राहून गेलं असं मला वाटलं नाही.

"जंगलवाले डोंगरावर पेरू नको म्हनते," तो म्हणाला. "जाळू नको, पेरू नको. मंग बी कुठी ठेवू? घरचा उंदीर खाते. हे एवढंच राह्यलं. तू ठेव. आमी मांगाले येऊ."

काळ्या टरफलाचा धान होता. बांधी नाही, बांध नाही, उतारावर पेरायचा. दोन ओंजळी असेल. गावात उरलेला सगळा.

मोठ्या साहेबांनी कौतुकाने पुडीत पाहिलं आणि विचारलं, "हा आहे का तुमच्याकडे?" आपल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्ताच 'एकही नाही' असं बोलून झालेलं; माझ्याकडून काय हवं होतं ते त्यांच्या भुवयांवर लिहिलेलं होतं. काळ्या टरफलाचा एक धान आपल्याकडे होता, एक्केचाळीस नंबर. मी बरणी उघडली नाही. दाणा सोलला नाही. मी म्हणालो, "आहे, साहेब."

हा तो अपवाद. म्हणजे खरं तर त्याहून वाईट. मुन्शीला निदान भूक लागली होती.

तुम्ही कोपऱ्यातून उठलात. "कोन्ती बरणी, बाबू?"

सगळ्यांसमोर. हार घातलेल्या माणसांसमोर.

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

तुम्ही एक्केचाळीस नंबर काढलात, दोन दाणे सोललेत आणि मोठ्या साहेबांच्या बशीच्या कडेवर ठेवलेत. आपला आत पांढरा, लालसूचा आत लाल. "हे नाई," तुम्ही म्हणालात.

"दुसऱ्या एखाद्या बरणीत असेल, बाई," आपले साहेब हसत म्हणाले. "दोनशे बारा आहेत."

"असन," तुम्ही म्हणालात. "पाहातो ना." आणि फळीखाली फतकल मारून बसलात, आणि एक नंबरपासून सुरुवात केलीत.

भाषणं चालू राहिली. आभाराचं भाषण झालं, आभाराचे आभार झाले. मधे मधे तुमच्या झाकणाचा आवाज: टक्. साहेबांनी "प्रगती" म्हटलं की टक्. "नवा भारत" म्हटलं की टक्. लालसू तुमच्याजवळ उकिडवा बसून एकेक दाणा बघत होता आणि मान हलवत होता. मी खाली वाकून कुजबुजलो, "बाई, ही तर वरूनच पांढरी दिसते, ही काय उघडता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काचेत ऊन लागून रंग उतरते. मले शिकवू नोको. तू खुर्च्या मोज."

त्रेसष्टाव्या बरणीला पाहुणे जेवायला उठले. साहेब तुमच्याजवळ येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पुरे. उद्यापासून येऊ नको." तुम्ही त्रेसष्टाचं झाकण नीट लावलंत. पुडी माझ्या हातात दिलीत. "त्रेसष्ट झाल्या," एवढंच म्हणालात. लालसूला गोंडीत काहीतरी सांगितलंत. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि गेला. त्याला काय सांगितलंत, ते मी कधी विचारलं नाही. "हा बाबू बघेल" असं सांगितलं असेल, या भीतीनेच विचारलं नाही.

आणि मी तेव्हा काही बोललो नाही. पाहुण्यांच्या पंक्तीला जाऊन जेवलोसुद्धा.

पौषात तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, अंगावर माझ्याच घरची जुनी शाल. मी मनात वाक्य तयार करून आलो होतो. 'बाई, त्या दिवशी मी बघितल्याशिवाय आहे म्हटलं, माझं चुकलं.' एवढं सरळ वाक्य. पण आल्या आल्या थंडीबद्दल बोललो. मग रेशनच्या रॉकेलबद्दल बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पुडी कुठी हाय?"

"माझ्या खणात. पत्र्याच्या डब्यात."

"झाकन घट्ट हाय?"

"आहे."

"पाह्यलं?"

"पाहिलं, बाई."

"मंग बरं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. आता इथे लिहून टाकलं आहे. माझं चुकलं, पार्बताबाई. वाचून दाखवलं तर ऐकायला तुम्ही नाही, म्हणून दोनदा लिहितो. माझं चुकलं.

शोकसभा आटोपली आणि साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. वार्षिक अहवालात काही 'बाकी' दिसायला नको होतं. रजिस्टरात लालसूच्या पुडीपुढे मी 'तपासणी बाकी' लिहून ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात मजकूर तयार करून ठेवला होता: 'तपासणी पूर्ण. सदर वाण संग्रहात आधीपासून आहे.' खाली सहीची जागा माझ्या नावाची. धान कोंबड्यांना घालायला सांगितलं. ज्या खोलीत पाच मिनिटांपूर्वी तुम्ही सगळ्यांच्या हृदयात होतात, त्याच खोलीत.

मी विचारलं, "कोणत्या बरणीत आहे, साहेब?"

"म्हणजे?"

"आहे लिहायचं तर बरणीचा क्रमांक लिहावा लागेल. कोणता लिहू?"

ते म्हणाले, "मग नाही लिही. काय फरक पडतो?"

"नाही लिहायला दोन दिवस लागतील."

मला वाटतं, तुम्ही गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच तुमची आठवण झाली.

पार्बताबाई, मी पहिल्या बरणीपासून सुरुवात केली नाही. तुमचा नेम तसा होता, हे मान्य. पण त्रेसष्ट तुम्ही पाहिल्या होत्या आणि "झाल्या" म्हणाला होतात. तुमचा शब्द पुन्हा तपासण्याइतका मी अजून सरकारी झालेलो नाही. मी चौसष्टपासून बसलो, तुमच्याच जागी, फळीखाली. माझी नखं तुमच्यासारखी नाहीत. दुपारपर्यंत अंगठ्यातून रक्त आलं. माझीच मांडणी शेजारी उभी होती. हलक्या धानाच्या चार फळ्या बघितल्या असत्या, तर तासाभरात उरकलं असतं. मी हलका, भारी, बारीक, ठोकळ, सगळ्या उघडल्या. वरून पांढऱ्या दिसणाऱ्यासुद्धा.

एकशे अठराला माझा हात थांबला. काळसर टरफल, आत लाल. तसाच. तो तोच असता, तर तुम्ही, मी, लालसू, सगळे चुकीचे ठरत होतो, आणि साहेब न बघता बरोबर. असंही होऊ शकतं. म्हणून तर बघायचं असतं. मग दाणा उजेडाकडे धरला. एकशे अठराला लांब कुसळ होतं, लालसूच्या धानाला मुळीच नाही. दाताखाली धरला. हा कडक, तो भुसभुशीत. मी लालसूचे पाच दाणे सोलून पाहिले, नंतर आणखी पाच. मग झाकण लावलं आणि पुढे सरकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत दोनशे बारावी बरणी उघडली. बघितली. बंद केली.

रजिस्टरात लिहिलं: 'संग्रहात नाही.' शेवटच्या रकान्यात 'तपासणाऱ्याचं नाव' असतं. तिथे आजवर माझंच नाव असायचं, कारण काम तुमचं होतं. या वेळी लिहिलं: 'बरणी एक ते त्रेसष्ट, पार्बताबाई. चौसष्ट ते दोनशे बारा, मी.' शाई वाळेपर्यंत बसून राहिलो.

साहेबांनी रकाना वाचला. म्हणाले, "हिचं नाव इथे कसं? ती तर कामावरून काढलेली होती."

"त्रेसष्ट होईपर्यंत नव्हती."

"आणि खात्री काय, की नाहीच?"

"बसा साहेब," मी म्हणालो आणि सूप बाजूला सरकवलं. "एक नंबरपासून दाखवतो."

ते बसले नाहीत. त्यांना जेवायला जायचं होतं.

लालसूच्या धानाचा क्रमांक दोनशे तेरा आहे. मृगात त्याची ओळ पेरीन. बांधीत नाही, मागच्या उंचवट्यावर, जिथे पाणी थांबत नाही. तो मागायला येईल तेव्हा मी कोणाकडे बघून "आहे" म्हणणार नाही. बरणी काढून त्याच्या हातात देईन.

बरणी मात्र मी हलक्या धानाच्या फळीवरच लावली आहे. आपला वाद अजून संपलेला नाही.